माणिकबागेतील खुर्च्या

इंदूर शहरात माणिकबाग नावाची एक इमारत आहे. तेथे जाणारा मनुष्य बहुधा कराच्या कामाने जातो. केंद्र सरकारच्या अबकारी आणि सीमाशुल्क खात्याने तेथे कार्यालय थाटले त्याला आता कित्येक वर्षे झाली. कागदांची चळत काखेत धरून पायऱ्या चढणाऱ्या त्या माणसाला कोणी थांबवून सांगितले की, बाबा रे, या घरात एके काळी ज्या खुर्च्या मांडलेल्या होत्या त्यांच्यासाठी युरोप-अमेरिकेतले संग्राहक चढाओढ करतात, तर तो बिचारा सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. खुर्ची ती खुर्ची! बसायची वस्तू! मोडली की अडगळीत टाकावी, फार तर जुन्या बाजारात द्यावी. आपल्याकडे तलवार, पालखी, पैठणी, नथ या वस्तूंना इतिहास असतो. खुर्चीला इतिहास असतो हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

याला कारणही आहे. मराठी वाड्यात खुर्ची हा उशिरा आलेला पाहुणा. आपला दिवाणखाना म्हणजे बिछायत, गादी, लोड आणि तक्के. जेवायला पाट, पूजेला चौरंग, निजायला पलंग, आणि कोकणात व देशावर सुखवस्तू घरी एक कड्यांचा झोपाळा. बैठक उचलली की खोली रिकामी. वस्तूंनी खोली भरायची ही कल्पनाच मुळी साहेबाबरोबर आली. होळकरांच्या इंदुरात हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. जुना राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी; तो बैठकीच्या संस्कृतीचा वाडा. तेथून लालबागेत गेले की संगमरवरी खांब, छतावरची रंगीत चित्रे, झुंबरे आणि लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरचे लोखंडी फाटक! हा वाडा 1921 च्या सुमारास पुरा झाला. युरोपातील राजेलोक दीडदोनशे वर्षांपूर्वी जसे राहत तसे राहण्याची ही हौस. त्या काळी पुष्कळ संस्थानिकांना ती होती, आणि त्यांच्या वाड्यांतून फिरताना अजूनही मनुष्याला आपण एखाद्या नाटकाच्या सामानगृहात आलो आहोत असे वाटते.

लालबाग पुरी करणाऱ्या तुकोजीराव होळकरांच्या पोटी 1908 साली यशवंतराव जन्मले. मुंबईच्या मलबार हिलवर 1925 च्या जानेवारीत अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले, आणि चौकशीला तोंड देण्यापेक्षा तुकोजीरावांनी 1926 साली गादी सोडणे पसंत केले. त्या खटल्यावर मराठीत इतके लिहून झाले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. सतराअठरा वर्षांच्या यशवंतरावांच्या नावाने गादी आली, ते शिकायला इंग्लंडमध्ये राहिले, आणि पुरे अधिकार त्यांना 1930 साली मिळाले. त्यांचे लग्न 1924 सालीच, दोघेही लहान असताना, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी झाले होते.

ऑक्सफर्डला असताना त्यांची गाठ एकार्ट मुथेझियुस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी पडली. त्याचे वडील हर्मान मुथेझियुस हे जर्मनीतील कारागीर आणि कारखानदार यांची सांगड घालणाऱ्या चळवळीतील मोठे नाव. मुलगा महाराजांपेक्षा चारच वर्षांनी मोठा. अशा पोरसवदा माणसावर राजाने सबंध वाडा सोपवावा ही गोष्ट धाडसाची खरी, पण तिच्यातच सारे मर्म आहे. लालबाग ज्यांनी बांधली त्यांना राजाचे वय ठाऊक असण्याची जरूर नव्हती. माणिकबाग मात्र दोन तरुणांनी आपल्या पिढीसाठी मांडलेला संसार होता.

1930 ते 1933 या वर्षांत ही वास्तू उभी राहिली. बाहेरून पाहिले तर तिच्यात राजेशाही असे काही नाही. कमान नाही, घुमट नाही, नक्षी नाही. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची साधी, सपाट भिंतींची इमारत. मुथेझियुसने दाराच्या मुठीपासून दिव्यांपर्यंत सगळ्याचे आराखडे स्वतः काढले. पुष्कळसे सुटे भाग जर्मनीत तयार करून घेतले आणि बोटीने हिंदुस्थानात आणविले. माळव्याचा उन्हाळा ध्यानात घेऊन हवा थंड ठेवण्याची यंत्रणाही बसविली. ग्रंथालयासाठी त्याने लाल रंगाच्या दोन मोठ्या आरामखुर्च्या काढल्या आणि त्यांच्या अंगातच वाचायचे दिवे बसविले. मला स्वतःला सगळ्या माणिकबागेत ही जोडी फार आवडते. तिच्यात राजाचा थाट कुठेच नाही. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणाऱ्या माणसाची मात्र पुरती काळजी आहे.

बाकीचे सामान निवडताना दोघांनी पॅरिस पालथे घातले. आंरी-पिएर रोशे हे फ्रेंच लेखक आणि कलासंग्राहक त्यांना सल्ला देत. रूलमान हा त्या काळचा पॅरिसचा अव्वल फर्निचरकार. 1929 च्या प्रदर्शनात त्याने हिंदुस्थानातल्या एका कल्पित युवराजाची अभ्यासिका मांडली होती. गंमत अशी की खराखुरा युवराज पुढे आला आणि त्याने तसेच मेज आपल्या घरासाठी करवून घेतले. ते काळ्या आबनुसाचे, आणि ते लाकूड मकासरचे, म्हणजे पूर्वेकडच्याच बेटांतले. लाकूड पूर्वेचे, हात पॅरिसचा, आणि वस्तू पुन्हा पूर्वेला! सोन्यो आणि अलिक्स या जोडीने काच आणि धातू यांचे पलंग केले. आयलीन ग्रे या आयरिश बाईंनी आगबोटीच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेली एक झुकती खुर्ची बनविली होती. तीही समुद्रापासून इतक्या दूर माळव्यात येऊन पडली. ल कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ जानेरे आणि शार्लोत पेरियां यांची पोलादी नळ्यांची लांबलचक आरामखुर्ची आली, तिच्यावर बिबळ्याचे कातडे चढविले होते. दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे आले, त्यांत वेलबुट्टी नाही, नुसते आकार आणि रंग. प्युइफोर्काची चांदीची भांडी आली. या वस्तूंचे मोल पुढे ठरले हे लक्षात ठेवले पाहिजे. त्या वेळी त्या नव्या होत्या, आणि नव्या वस्तूवर पैसे लावायला जी छाती लागते ती जुनी वस्तू विकत घेणाऱ्याला लागत नाही.

दागिन्यांची कथा थोडी निराळी. तुकोजीरावांनी 1913 साली पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून पेअरच्या आकाराचे दोन हिरे घेतले होते, एक 46.95 कॅरटचा, दुसरा 46.70 चा. ‘इंदूर पेअर्स’ या नावाने ते जगभर ओळखले जातात. यशवंतरावांनी मोबूसाँ या दुसऱ्या जवाहिऱ्याकडून त्यांची घडण बदलून घेतली. आपल्या घरोघरी आजीच्या पाटल्या मोडून सुनेला बांगड्या करतात त्यातलाच हा प्रकार. सोने तेच, खडे तेच, घडणावळ तेवढी नवी. बेर्नार बुते द माँव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन चित्रे रंगविली. पहिल्यात, 1929 मध्ये, ते पाश्चात्त्य मेजवानीच्या काळ्या पोशाखात उभे आहेत. काही वर्षांनी काढलेल्या दुसऱ्यात ते मराठी पोशाखात, डोईवर पगडी, मांडी घालून गादीवर बसले आहेत आणि गळ्यात ते हिरे आहेत. दोन्ही चित्रांत लांब, निमुळती बोटे तीच आणि चेहऱ्यावरचा किंचित कंटाळाही तोच. पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांचे घर बांधणारा हा राजा गादीवर बसला की बैठक विसरलेला नाही, हे त्या चित्रकाराने अचूक हेरले.

हे सगळे कोणाच्या पैशावर, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल, आणि तो यायलाच हवा. जगभर मंदी होती, पॅरिसच्या कारागिरांची गिऱ्हाइके आटली होती, आणि अशा वेळी इंदूरच्या खजिन्यातून त्यांना मागण्या जात होत्या. तो खजिना रयतेचा होता. त्याच शहरात 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि मकबूल फिदा हुसेनांनीही तेथेच धडे घेतले. बेंद्रे-हुसेनांची शाळा आणि ब्रांकुशीचे पक्षी एकाच काळी एकाच गावात होते, याचे मला फार नवल वाटते. देवळालीकरांच्या शाळेची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. पण लालबागेवरचा खर्च आणि माणिकबागेवरचा खर्च यांना एकाच मापाने मोजावे असे मला वाटत नाही. पहिला गेलेल्या वैभवाच्या नकलेवर झाला. दुसऱ्याने निदान चालू काळाची भाषा विकत घेतली.

ब्रांकुशीचे नाव वर आलेच आहे. पॅरिसमध्ये राहणाऱ्या या रुमानियन शिल्पकाराचा ‘अवकाशातील पक्षी’ म्हणजे पंख नाहीत, चोच नाही, नुसती वर झेपावणारी एक निमुळती रेषा. महाराजांनी आधी एक पंचधातूसारखा चकाकणारा ब्राँझचा पक्षी घेतला, मग एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा करविला. या तिघांसाठी एक छोटे ध्यानमंदिर बांधायचे ठरले. मध्ये पाणी, भोवती पक्षी, आणि आत एका वेळी एकच माणूस. पण 1937 साली संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला. महाराजांचे मन आता त्यात नव्हते. काही आठवडे वाट पाहून तो परत गेला आणि मंदिर कागदावरच राहिले. ज्या दोघांसाठी ते घर मांडले होते त्यांतले एक माणूस गेल्यावर उरलेल्याला त्या खोल्यांत काय वाटले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 1939 साली महायुद्ध आले आणि जर्मन मित्राचे इंदुरातले काम संपले. 1946 साली ते दोन हिरे न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टनने घेतले. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. यशवंतराव 1961 च्या डिसेंबरात मुंबईत वारले. काळा आणि पांढरा पक्षी 1973 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले. ते कॅनबेराला आहेत. ब्राँझचा अमेरिकेत पॅसाडीना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. उरलेले सामान 25 मे 1980 रोजी मोंटे कार्लो येथे लिलावात निघाले.

या लिलावाबद्दल हळहळण्यापूर्वी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सामान चोरीला गेले नाही. कोणी लुटून नेले नाही. ते आपल्या डोळ्यांसमोर होते आणि आपल्याला ते नुसते सामान वाटले. शंभर वर्षांपूर्वीची पितळी समई आपण काचेच्या कपाटात ठेवतो; पोलादी नळीच्या खुर्चीला मात्र आपण दवाखान्यातली खुर्ची म्हणतो. संग्राहकांनी त्या वस्तू उचलल्या म्हणून त्या जगल्या, हेही खरे. पण त्या जगल्या त्या सुट्या सुट्या. रूलमानचे मेज एकीकडे, ग्रेबाईंची खुर्ची दुसरीकडे, गालिचा तिसरीकडे. माणिकबागेची खरी निर्मिती यांतली एकही वस्तू नव्हती. मेजाशी खुर्चीचे, खुर्चीशी दिव्याचे, दिव्याशी त्या भिंतीचे जे नाते दोन तरुणांनी जुळविले ती खरी निर्मिती, आणि कोणत्याही लिलावाच्या यादीत तिला क्रमांक नसतो. ती आता मुथेझियुसच्या आराखड्यांत आणि त्या काळच्या छायाचित्रांत शिल्लक आहे.

2019 च्या सप्टेंबरात पॅरिसच्या शोभिवंत कलांच्या संग्रहालयाने यशवंतराव होळकरांवर एक मोठे प्रदर्शन भरविले. ठिकठिकाणच्या मालकांकडून वस्तू मागून आणल्या. मेज, पलंग, गालिचे, चांदीची भांडी, महाराज-महाराणींची चित्रे ही सारी चाळीसएक वर्षांनी प्रथमच एका छपराखाली मांडली गेली. प्रदर्शन पुढच्या जानेवारीपर्यंत चालले. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. ती त्या खुर्च्यांनी पॅरिसमध्ये एकत्र काढली. प्रदर्शन संपल्यावर त्या पुन्हा आपापल्या मालकांच्या घरी गेल्या.