सव्वादोन महिन्यांचा इतिहास

आमचे नानामामा खानदेशातले, नंदुरबारचे; हिशेबाला पक्के. त्यांच्या जठराचा कर्करोग पहिल्या औषधांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी दुसरा उपाय सुचवला. पॅक्लिटॅक्सेल नावाचे औषध तीन आठवडे दर आठवड्याला, मग एक आठवडा विसावा. आणि जोडीला दर पंधरवड्याला रॅम्युसिरुमॅब या प्रतिपिंडाचे सलाइन.

"याने पदरात किती पडेल?" मामांनी विचारले.

"साधारण दोन महिने जास्त."

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढे मोठे शास्त्र, आणि उडी दोनच महिन्यांची?"

विचार करायला आठवड्याची मुदत होती. मी पुस्तके घेऊन बसलो.

ही हकीकत खरे म्हणजे १८८१ पासून सांगायला हवी. त्या साली व्हिएन्नात बिलरोथ या शल्यवैद्याने एका बाईच्या जठराचा रोगट भाग कापून काढला. बाई शस्त्रक्रियेतून उठली, पण चारेक महिन्यांत रोगाने तिला पुन्हा गाठलेच. चाकूची धाव कुठवर, ते तेव्हाच कळून चुकले. असो. मला गुंतवून ठेवले ते १९७१ या सालाने.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील अरण्यात पॅसिफिक यू नावाचा वृक्ष आहे. लाकूडतोडे त्याला कचऱ्यात जमा धरीत. १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची साल गोळा केली. ती नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. तिच्यातील गुणकारी द्रव्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तेच पॅक्लिटॅक्सेल. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम होताच मोडतो. हे औषध त्याला मोडूच देत नाही, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. पेशी अर्ध्यावरच अडकते.

त्याच १९७१ मध्ये बोस्टनचे शल्यवैद्य ज्युडा फोकमन यांनी मांडले, की गाठ वाढते ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेऊन. तेव्हा तिची रसद तोडा. पुष्कळांनी नाके मुरडली. रसद तोडायला हत्यार तरी कुठे होते? ते १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये घडले. कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती शोधली. तिचे पेटंटही निघाले नाही. आजच्या बाजारात हे खरे वाटणार नाही!

तरी वाट सरळ नव्हती. रक्तवाहिन्यांना वाढीचा निरोप देणारे द्रव्यच पकडणारे बेव्हॅसिझुमॅब जठराच्या कर्करोगात रसायनांच्या जोडीला देऊन पाहिले. पण त्याने आयुष्य वाढते, असे २०११ च्या निष्कर्षांत सिद्ध झाले नाही. रॅम्युसिरुमॅब निरोप्याला धरत नाही, निरोप घेणाऱ्या दारालाच कडी घालते. जठराचा किंवा अन्ननलिका जठराला मिळते तेथला कर्करोग पहिल्या उपचारांना न जुमानता वाढलेल्या ६६५ रुग्णांवर ही जोडी पारखली गेली. २०१४ मध्ये आकडे आले. एकट्या पॅक्लिटॅक्सेलवर निम्मे रुग्ण ७.४ महिन्यांपलीकडे जगले, जोडीवर ९.६ महिन्यांपलीकडे. म्हणजे सव्वादोन महिने. पण वर्षाअखेर शंभरांतले तिकडे ३० हयात होते, इकडे ४०. हे वाचून मी थबकलो. किंमतही होती: रक्तदाब चढतो, पांढऱ्या पेशी घटतात, थकवा येतो.

सारे मामांना सांगितले, काही न लपवता. रक्तदाबाचे त्यांनी दोनदा विचारले. मग म्हणाले, "ते वाणी कुठले म्हणालास?"

"जन्म नंदुरबारचा. १९२५ चा."

"आपले नंदुरबार?" मामा उठून बसले. "मग सुरू करायला सांग."

प्रतिपिंडाचे पाचवे सलाइन आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. मामांनी चिवडा बाजूला सारला, एक अनारसा दुधात भिजवला आणि अर्धा तास लावून, पण सबंध खाल्ला.