बोहारीण आणि कागदी झगा

संसारात पिशवीवरून भांडण होणं ही काही नवी गोष्ट नाही. पिशवी न नेणे, नेलेली पिशवी दुकानात विसरणे आणि न विसरलेल्या पिशवीत टोमॅटोंवर बटाटे घालणे ही तिन्ही कलमं आमच्या घरच्या दंडसंहितेत फार पूर्वीपासून आहेत. पण गेल्या आठवड्यात जी लढाई झाली ती आमच्या सौभाग्यवतींनी नव्हे, तर तीर्थरूपांनी सुरू केली.

झालं असं, की मी मंडईतून भाजी घेऊन आलो. दुकानदाराने दिलेली पिशवी हिरवीगार, हाताला मऊ, वर झाडाचं चित्र आणि खाली 'कापडी पिशवी वापरा' असा उपदेश. अण्णांनी ती दोन बोटांत धरून चोळली, उजेडासमोर धरली आणि निकाल दिला, "हे कापड नव्हे."

"अण्णा, छापलंय त्याच्यावर!"

"छापायला काय जातं? धागा काढून दाखव."

मी हसत हसत पिशवीची कड धरली. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर चिकटलेल्या नोटा सोडवणारी माझी बोटं, त्यांना एक धागा सुटू नये? पाच मिनिटं खटपट केली. धागा काही निघाला नाही, पिशवीच फाटली. अण्णा म्हणाले, "ज्याला उभा धागा नाही, आडवा धागा नाही, त्याला कापड म्हणायचं असेल तर मला कलेक्टर म्हणा." आणि शांतपणे मटार सोलायला बसले.

अण्णा बरोबर होते. वडील बरोबर असणं ही एक कायमची कटकट आहे. ती पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे चक्क प्लॅस्टिकची. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा तिच्यात या न विणलेल्या पिशव्यांचाही स्पष्ट उल्लेख होता. पण कापडाचा वेश घेऊन ती बाजारात सुखाने हिंडत होती. आमच्या बँकेत असा खातेदार आला असता तर पहिल्या कागदालाच अडला असता. भाजीबाजारात केवायसी नाही.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आमच्या शास्त्रात खर्चाच्या दोन जाती. कपाट घेतलं तर भांडवली खर्च, त्यावर दरवर्षी घसारा काढायचा. कपाट पुसायला माणूस ठेवला तर महसुली खर्च, आला आणि गेला. अण्णांच्या पिढीत कापड हा भांडवली खर्च होता. माझ्या आजीचं नऊवारी लुगडं पहिली दोन वर्षं सणासुदीला, मग रोजच्याला. मध्ये विरलं की दंड घालून पुन्हा उभं. तेही विरलं की मऊ भाग बाळंतिणीच्या खोलीत दुपटी आणि लंगोट म्हणून, जाडसर भाग गोधडीच्या पोटात, काठ पिशवीला बंद म्हणून, आणि उरलंसुरलं पोतेरं. मी आजीच्या लुगड्यात लहानाचा मोठा झालो, हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे.

या सगळ्या घसाऱ्याची अधिकृत मूल्यमापक म्हणजे दारावर येणारी बोहारीण. दोन लुगडी आणि एक विजार यांच्या बदल्यात एक स्टीलचा डबा मिळवायला आजी तिच्याशी दीड तास वाटाघाटी करायची. एवढ्या वेळात आमच्याकडे गृहकर्ज मंजूर होतं. (कागदपत्रं पूर्ण असतील आणि लिंक असेल तर.)

अशा घराण्यातल्या माणसाला 'एकदा घाला आणि फेका' या जातीचे कपडे कुणी आणि का काढले, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. म्हणून दोन-चार सुट्ट्या खर्ची घालून मी हे प्रकरण तपासलं. हिशेब पुढे मांडतो.

पहिली नोंद अशी, की न विणलेलं कापड ही काही काल-परवाची गोष्ट नव्हे. प्रभू रामचंद्र वनवासाला निघाले ते वल्कलं नेसून. वल्कल म्हणजे झाडाची साल, तिथे कुठला आलाय माग! सायबेरियात अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक इथे बर्फात गोठलेली थडगी सापडली, त्यांत सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचे लोकरीचे नमदे निघाले. लोकर ओली करायची, दाबायची, तुडवायची. तंतू एकमेकांत असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. जुन्या वाड्यातला मालक आणि भाडेकरू यांचं नातं याच पद्धतीने तयार होत असे. पण मुद्दा हा, की चोवीसशे वर्षं टिकलेला नमदा फेकण्यासाठी केला नव्हता. फेकायची बुद्धी फार उशिरा झाली.

ती झाली नवऱ्यांच्या मानेमुळे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या हॅना लॉर्ड मॉन्टॅग्यू या बाईंच्या लक्षात आलं, की नवऱ्याचा शर्ट स्वच्छ असतो, मळते ती कॉलर. रोज अख्खा शर्ट धुऊन वैतागलेल्या बाईंनी १८२७ च्या सुमारास कात्री घेतली आणि कॉलर कापली. नवऱ्याचा गळा वाचला आणि सुटी कॉलर जन्माला आली. पुढे ट्रॉय गावात या कॉलरींचा मोठा धंदा उभा राहिला.

कॉलर सुटी झाली, पण धुण्यातून सुटली नव्हती. ते काम वॉल्टर हंट या गृहस्थाने केलं. १८५४ मध्ये त्याने कागदी कॉलरचं पेटंट घेतलं. पातळ कापडाला कागद चिकटवायचा, वरून वार्निश मारायचं. मळली की फेकायची. हा हंट म्हणजे विलक्षण वल्ली. १८३०-४० च्या दशकात त्याने शिवणयंत्र तयार केलं आणि पेटंटच घेतलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल अशी भीती त्याला होती, असं सांगतात. १८४९ मध्ये त्याने सेफ्टी पिन काढली आणि पंधरा डॉलरचं देणं फेडण्यासाठी तिचे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. असा खातेदार आमच्या शाखेत असता तर मॅनेजरसाहेबांनी त्याला समोर बसवून चहा पाजला असता आणि कर्ज मात्र नाकारलं असतं. गंमत अशी, की लंगोटाला टाचणारी पिन आणि फेकायचा पोशाख, या दोन्हींचा जनक एकच. पुढे दुसऱ्या अपत्याने पहिल्याची नोकरी घालवली.

कारण लंगोटांची क्रांती. ती मोठमोठ्या प्रयोगशाळांत नव्हे, तर वैतागलेल्या आयांच्या घरात सुरू झाली. १९४७ मध्ये इंग्लंडात व्हॅलरी हंटर गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने तिसऱ्या बाळाच्या वेळी 'आता लंगोट धुणार नाही' अशी भीष्मप्रतिज्ञा केली. तिने पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवली आणि आत फेकता येईल अशी कापसाची व सेल्युलोजची घडी घातली. पाहणाऱ्या इतर अधिकाऱ्यांच्या बायका म्हणाल्या, आम्हालाही एक. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चारशेहून अधिक शिवल्या. त्याच सुमारास अमेरिकेत मॅरियन डोनोव्हनने न्हाणीघराचा पडदा कापून गळती थांबवणारी चड्डी केली. १९५१ मध्ये तिचे हक्क दहा लाख डॉलरला विकले. मग ती कागदी लंगोटाची कल्पना घेऊन कंपन्यांच्या दारोदार फिरली. तिथले पुरुष म्हणाले, याची काही गरज नाही. हे पुरुष लंगोट बदलत नसावेत, हे वेगळं सांगायला नको. शेवटी नातवंडांचे लंगोट बदलून कंटाळलेले व्हिक्टर मिल्स नावाचे आजोबा एका कंपनीतच निघाले आणि १९६१ मध्ये पिओरिया गावात 'पॅम्पर्स'ची चाचणी झाली. किंमत एकाला दहा सेंट. बायकांना माल आवडला, भाव आवडला नाही. बायका कुठल्याही देशातल्या असोत, हा अभिप्राय ठरलेला.

यानंतर अमेरिकेला वाटलं, की बाळाचं जमलं तर बाळाच्या आईचं का जमू नये? १९६६ मध्ये स्कॉट पेपर या कंपनीने आपल्या कागदी मालाची जाहिरात म्हणून सव्वा डॉलरला एक कागदी झगा द्यायला सुरुवात केली. कागदाच्या लगद्याला आतून रेयॉनच्या जाळीचा आधार, बाकी सगळा कागदच. वर्षाच्या आत जवळजवळ पाच लाख झगे खपले! कंपनीने अंगात यावं तसे झगे वाटले. एका सूप कंपनीने एक डॉलर आणि डब्याची दोन लेबलं यांच्या बदल्यात सुपाचे डबे छापलेला झगा दिला. ॲशव्हिलमधल्या मार्स या मोजे करणाऱ्या कंपनीने तर कागदी झग्यांच्या मालिकेचं नाव ठेवलं 'वेस्ट बास्केट बुटीक', म्हणजे केराच्या टोपलीचं दुकान. इतका प्रामाणिक व्यापारी मी दुसरा पाहिलेला नाही. १९६८ च्या निवडणुकीत उमेदवारांच्या नावांचे झगेही निघाले. निवडणूक संपताच कपडा आणि आश्वासन एकदमच टाकायची सोय.

लांबी जास्त वाटली तर कात्रीने कापायची, फाटला तर चिकटपट्टी लावायची. फक्त धुवायचा नाही. धुतला तर आगीपासून वाचवणारं रसायन धुऊन जाई आणि झगा भडाभडा पेट घेण्याजोगा होई. तरीही दोन-अडीच वर्षांत ही लाट ओसरली. झगा कडक, बसताना कुरकुरणारा, अंगाला न बसणारा. आणि नवलाई संपल्यावर उरतो तो कागदच. आजीच्या बोहारणीने त्याच्या बदल्यात चहाचा चमचासुद्धा दिला नसता.

झगा गेला, पण कापड राहिलं. ते गुपचूप कामाला लागलं. जर्मनीत फ्रॉइडेनबर्ग कंपनीने चामड्याला पर्याय शोधता शोधता न विणलेलं अस्तर केलं होतं. त्याचे भाऊबंद आज आपल्या शर्टाच्या कॉलरीत ताठ बसलेले आहेत. ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये जिम व्हाइट यांना एका नळीतून पांढरा पिंजलेला प्लॅस्टिकचा कापूस बाहेर येताना दिसला. मी असतो तर सफाई कामगाराला हाक मारली असती. त्यांनी तो उचलून तपासला. त्यातून झालं टायव्हेक. फाडायला गेलं की आपलीच नखं तुटतात, असं जे पाकीट कुरियरने येतं, ते बहुधा याचंच.

आमची हिरवी पिशवी कशी होते तेही सांगतो. प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, हजारो बारीक भोकांच्या साच्यातून सोऱ्यातल्या शेवेसारखे दाबून काढायचे, हवेच्या झोताने ताणायचे आणि फिरत्या पट्ट्यावर वाटेल तसे पडू द्यायचे. मग तापलेल्या रुळांमधून काढलं की जागोजागी ठिपक्यांनी चिकटतात. ते ठिपके पिशवीवर आजही दिसतात. साच्याच्या तोंडाशीच गरम हवेचा जोरदार फुत्कार सोडला, की शेवेऐवजी जत्रेतले म्हातारीचे केस तयार होतात, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पट बारीक. ही दुसरी विद्या १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी विकसित केली. हेतू होता वरच्या हवेत पसरलेले अणुस्फोटांचे कण पकडण्याचा.

आता या धाग्याला, म्हणजे नसलेल्या धाग्याला, एक बाई भेटतात. सारा लिटल टर्नबुल या संकल्पनकार १९५० च्या दशकाच्या शेवटी थ्रीएम कंपनीसाठी भेटवस्तूंच्या फितीच्या कापडाला आकार देऊन स्त्रियांची अंतर्वस्त्रं करता येतील का, हे पाहत होत्या. त्याच काळात त्यांना आजारी आप्तांसाठी इस्पितळात खेपा घालाव्या लागल्या. तिथे डॉक्टर-परिचारिका मुखपट्टीच्या नाड्यांशी सारख्या झटताना दिसल्या. बाईंना वाटलं, हाच वाटीसारखा आकार नाकातोंडावर का नको? १९६१ मध्ये तसा मास्क आला. जंतू अडवेना, म्हणून धुळीसाठी विकला गेला. पुढे १९७२ मध्ये कारखान्यांसाठी सुधारलेला मास्क आला. मग तैवानहून अमेरिकेत गेलेल्या पीटर त्साय यांनी टेनेसी विद्यापीठात त्या बारीक केसांना विजेचा भार द्यायची युक्ती काढली. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसे ते तंतू सूक्ष्म कण ओढून धरू लागले. १९९५ मध्ये त्याचं पेटंट झालं. निवृत्त झालेले त्साय २०२० मध्ये पुन्हा कामाला लागले. का, ते सांगायला नको.

२०२० मध्ये बँका चालू होत्या. आम्ही अत्यावश्यक ठरलो होतो. हा शब्द आमच्याविषयी आमच्या घरीसुद्धा कधी कुणी वापरला नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला आपल्या देशात ते नखशिखांत पांढरे पोशाख जवळजवळ बनतच नव्हते. मे महिन्यात रोज चार लाखांहून अधिक बनू लागले. आणि सप्टेंबरात अण्णांना इस्पितळात ठेवावं लागलं. बारा दिवस. मला दारापर्यंतच परवानगी. आत गेले ते पांढऱ्या पोशाखाच्या पाठीमागून, वळूनही न बघता.

अण्णा बरे होऊन आले, पण त्या बारा दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत. बोलले ते गेल्या आठवड्यात, मटार सोलता सोलता, हिरव्या पिशवीकडे बघून.

"तिथं रात्रपाळीला एक पोरगा होता. तोंड कधी दिसलं नाही. पाठीवर शाईने नाव लिहिलेलं असायचं, तेवढीच ओळख. कपडा रोज नवा. मी विचारलं, कालचा कुठाय रे? म्हणाला, आजोबा, पिवळ्या पिशवीत घालून जाळतात. मला त्या रात्री झोप नाही. एवढा पांढराशुभ्र, ठिगळ नसलेला कपडा, एका पाळीपुरता! निदान पायपुसणं तरी करा की."

"मग?"

"मग काय. तिसऱ्या रात्री मला श्वास पुरेना. पहाटेपर्यंत हात धरून बसला तो. पाणी नाही प्यायला, उठला नाही. त्या कपड्यात आतून घामाने नुसता निथळत असणार. सकाळी तो गेला आणि मी मनात म्हटलं, जाळू देत. पैसे वसूल झाले त्याचे."

मी पुस्तकात शिकलो होतो, की महसुली खर्चातून कायमची मालमत्ता तयार होत नाही. समोर मटार सोलत बसलेल्या मालमत्तेकडे बघून मी तो धडा मनातल्या मनात खोडला.

असो. रविवारी आमच्या गल्लीत बऱ्याच महिन्यांनी बोहारीण आली. आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या कपड्यांचा ढीग मांडला. अण्णांनी माझ्याकडे बघत ती हिरवी पिशवीही घडी करून त्यात खुपसली. बाई एकेक कपडा चिमटीत धरून चोळत होती. माझी विजार पास झाली. दोन साड्या पास झाल्या. पिशवीला तिने नुसता अंगठा लावला आणि बाजूला फेकली.

"हे कापड न्हाई, दादा."

तीन सेकंद लागले तिला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त कलेक्टरसारखे बसून राहिले.