बीडीएसचं कूळ

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला मुलं मेणाचे दात कोरतात. मेणाचा ठोकळा, कोरणी आणि पट्टी घेऊन बसायचं आणि वरचा पटाशीचा दात बरोब्बर मापात उतरवायचा. एखादी कड जास्त तासली गेली की नवा ठोकळा. दाढ तर सगळ्यांनाच रडवते. तिच्या माथ्यावरचे उंचवटे आणि खाचा जमेपर्यंत रात्री जातात. मग ‘फॅन्टम हेड’ म्हणजे नकली डोक्यावर ड्रिल चालवायचं आणि तिसऱ्या वर्षापासून खरा रुग्ण. तिथे ‘कोटा’ सुरू होतो: अमुक इतके दात काढायचे, इतकी फिलिंग करायची, इतक्या कवळ्या बसवायच्या. कोटा भरेना तेव्हा मावश्या-काकाही खुर्चीत येऊन बसतात.

हे सगळं शिकवायला स्वतंत्र शाळा लागते, ही कल्पना दोनशे वर्षांचीसुद्धा नाही. दात उपटणं हे न्हाव्याचं, लोहाराचं, बाजारात बसणाऱ्या वैदूचं काम होतं. अमेरिकेतही कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करायची आणि पाटी लावायची, हीच रीत. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी ती मोडली. मेरीलँडच्या विधिमंडळाने फेब्रुवारी १८४० मध्ये त्यांना बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं कॉलेज काढायची सनद दिली. जगातलं हे पहिलं. नोव्हेंबरात वर्ग भरला तेव्हा विद्यार्थी होते पाच. पुढच्या वर्षी त्यांतले दोघे डीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले.

स्वतंत्र कॉलेजामुळे दंतवैद्यकाला मान मिळाला, पण दात शरीरापासून तुटले, हेही मला मान्य करावंसं वाटतं. ती दरी सांधण्याची सुरुवात हार्वर्डने १८६७ मध्ये केली. विद्यापीठाच्या छत्राखाली निघालेली ही पहिली दंतशाळा. १८६९ मध्ये तिची पहिली तुकडी बाहेर पडली, सहा जणांची. त्यांत रॉबर्ट टॅनर फ्रीमन होता. त्याचे आईवडील गुलामगिरीतून आलेले. दोन कॉलेजांनी त्याला दार बंद केलं होतं; हार्वर्डने उघडलं आणि तो अमेरिकेतला दंतवैद्यकाची पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. मला या कुळातलं सगळ्यात अभिमानाचं पान हेच वाटतं. बाल्टिमोरचं कॉलेजही १९२३ मध्ये मेरीलँड विद्यापीठात सामील झालं.

आपल्याकडे ही परंपरा आली ती आयोवाहून. रफिउद्दीन अहमद १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून डीडीएस झाले, बॉस्टनच्या फोरसाइथ इन्फर्मरीत लहान मुलांचे दात सांभाळले आणि १९१९ मध्ये कलकत्त्याला परतले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी भारतातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज सुरू केलं. सरकारी तिजोरी मागे नव्हती. खर्च भागवायला त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान काढलं आणि त्याच्या गल्ल्यातला पैसा खुर्च्यांवर, हत्यारांवर आणि शिकवण्यावर लावला. परदेशी पदवी घेऊन आलेल्या माणसाला खासगी दवाखान्यात बक्कळ कमाई होती. अहमदांनी मुलं घडवायचं ठरवलं. १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी दंतोपचारांवर हस्तपुस्तिकाही लिहिली.

त्यांच्या कॉलेजात शिकलेली एक तरुणी मुंबईत आली आणि १९२३ मध्ये तिने दवाखाना थाटला. फातिमा जिना. राजकारणातल्या नावामुळे तिची दंतवैद्य ही ओळख झाकून गेली, पण स्त्रीने स्वतःचा दवाखाना चालवणं त्या काळी सोपं नव्हतं.

पुढे १९४८ मध्ये देशाला दंतवैद्यकाचा कायदा मिळाला. १९४९ मध्ये अहमदांनी आपलं कॉलेज राज्य सरकारच्या हवाली केलं, ते कलकत्ता विद्यापीठाशी जोडलं गेलं. आज बीडीएसला चार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप, एमडीएस या पदव्युत्तर पदवीला आणखी तीन. अहमदांचा २४ डिसेंबर हा जन्मदिवस देशभरातले दंतवैद्य आपला दिवस म्हणून पाळतात.