पटावरचं नाव आणि अंगणातलं मूल

नाणेघाटाचा ट्रेक केला असेल तर वैशाखरे तुम्हाला माहीत असेल. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे आणि पुढे माळशेज. आज विषय घाटाचा नाही, तिथल्या सगळ्यात लहान नागरिकांचा. अंगणवाडीच्या पटावर कोण असतं आणि कोण सुटतं?

हा प्रश्न जुना आहे, आणि जुन्या ठाणे जिल्ह्यातच तो पहिल्यांदा नीट विचारला गेला. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. ताराबाई गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम करून आलेल्या, माँटेसरी पद्धत कोळून प्यायलेल्या. पण गावात अडचण वेगळीच. बालवाडी तयार, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. कुणी धाकटं भावंड सांभाळतंय, कुणाला आंघोळ घालायला घरी कोणी नाही, कुणाला सवर्णांच्या आळीत जायची भीती.

ताराबाईंनी प्रश्नच उलटा केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात नेऊ. हीच अंगणवाडी! महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले. पुढे 1957च्या सुमारास काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथली मुलं गुरं राखायची, म्हणून शाळाही कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

2 ऑक्टोबर 1975ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. 13 डिसेंबर 2006ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यावर तीन महिन्यांत ती मिळायला हवी.

आता मुरबाड-शहापूरकडे बघा. इथे ठाकूर, महादेव कोळी, कातकरी वाड्या विखुरलेल्या. 40 मुलं एका जागी असतीलच असं नाही. त्यात दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. नाव गावच्या पटावर, मूल भट्टीवर. म्हणजे ऐन खाऊ, लसीकरण आणि गाण्यांच्या महिन्यांत ते मूल कुणाचंच नसतं.

2021पासून पोषण ट्रॅकर ॲप आलंय, त्यात स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येते. डेटाबेसच्या भाषेत सोपं काम, एक नोंद इकडून तिकडे. पण भट्टीजवळच्या ताईंना ते मूल आलंय हे कळायला कुणीतरी तिथवर चालत जावं लागतं. ॲप चालत जात नाही. ताराबाई आणि अनुताई जायच्या.

म्हणून पुढच्या वेळी ‘इतकी पटसंख्या’ असा आकडा ऐकलात, तर एक प्रश्न नक्की विचारा : कुठल्या महिन्यातली? भेटू पुढच्या भागात.