वाटाण्याचा अंकुर आणि रहस्यपटाची दवंडी

सोलापूर–धुळें महामार्गावर, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत वडीगोद्री म्हणून गांव आहे. तेथें माझा भाचा राहतो. त्याला महाविद्यालयांतून एक काम मिळालें आहे : एका कल्पित रहस्यपटाचा दोन मिनिटांचा ट्रेलर तयार करावयाचा, आणि तो कसा योजिला, त्यापूर्वीं काय पाहिलें, काय शोधलें, ह्याची टिपणवही सोबत द्यावयाची. ट्रेलरविषयीं त्याचा उत्साह दांडगा. वहीविषयीं मात्र तो अगदींच नाखूष. "मामा, चित्र दोन मिनिटांचें आणि वही चाळीस पानांची ! हा कोठला न्याय ?" असें त्यानें मला विचारलें. मीं त्याला तेथल्या तेथें उत्तर दिलें नाहीं. परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर आपल्या चित्रपटाच्या इतिहासांत अगदीं आरंभींच सांपडतें, आणि नेमका तोच भाग आपण घाईनें ओलांडून जातों, असें मला फार दिवस वाटत आलें आहे.

१९११ सालीं धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनीं चाळिशी ओलांडली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण, मग छायाचित्रण, पुराणवस्तु-खात्यांतली नोकरी, छापखाना, असे नाना उद्योग करून झाले होते. आणि छापखान्याच्या भागीदारांशीं बिनसल्यामुळें हातीं उद्योग असा कांहींच उरला नव्हता. अशा स्थितींत गिरगांवांतील अमेरिका-इंडिया चित्रगृहांत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पुढची हकीगत आपल्याकडे एखाद्या संतकथेसारखी सांगितली जाते : पडद्यावर ख्रिस्त होता, पण फाळक्यांच्या दृष्टीपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले. ही हकीगत खरी आहे. खुद्द फाळक्यांनींच ती लिहून ठेविली आहे. पण ती इतक्यावर थांबविली म्हणजे वाचकाचा असा ग्रह होतो कीं, दृष्टान्त झाला आणि लागलीच चित्रपट जन्मास आला. मधल्या दोन वर्षांकडे मग कोणी पाहत नाहीं.

तीं दोन वर्षें एका प्रौढ विद्यार्थ्याचीं आहेत. मुंबईंत लागेल तो चित्रपट पाहावयाचा, रोज चार-चार, पांच-पांच तास पाहावयाचा, आणि घरीं आल्यावर विकत आणलेल्या लहानशा यंत्रावर फितींचे तुकडे फिरवून चलच्चित्राचें मर्म शोधीत बसावयाचें, हा त्यांचा नेम झाला. ह्या जागरणांनीं डोळे गेले. कांहीं काळ दिसेनासेंच झालें, आणि वैद्यकीय उपचारांनीं दृष्टि परत आली तेव्हां त्यांनीं पुन्हा तेंच काम हातीं घेतलें. नातलगांना हें वेड वाटलें ह्यांत नवल नाहीं. चार मुलें-माणसें असलेल्या गृहस्थानें विम्याचीं पत्रें गहाण टाकून विलायतेस जावें, तेंहि एक खेळ शिकण्यासाठीं, हें कोणत्या सुज्ञ आप्तास रुचेल ?

१ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते बोटीवर चढले. लंडनमध्यें ओळखीचें कोणी नव्हतें. 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न ह्यांना ते सरळ जाऊन भेटले. कॅबर्न ह्यांनीं आधीं त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. ह्या धंद्यांत विलायतेंतसुद्धां किती जण बुडाले आहेत, आणि हिंदुस्थानचें हवामानही त्याला मानवेल कीं नाहीं, हें त्यांनीं सांगितलें. तरीही पाहुणा हटत नाहीं असें दिसल्यावर त्यांनींच त्यांची सेसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याशीं गांठ घालून दिली, आणि वॉल्टन येथील हेपवर्थच्या चित्रशाळेंत फाळक्यांनीं चित्रणापासून फीत धुण्यापर्यंतच्या क्रिया डोळ्यांनीं पाहिल्या. विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन, आणि कोरी फीत व तिच्या कडांना भोकें पाडण्याचें यंत्र ह्यांची मागणी नोंदवून, १ एप्रिलला ते परतही आले. दोन महिने, प्रवास धरून ! आजच्या अभ्यासक्रमांत एवढ्या अवधींत प्रवेशअर्जही मार्गीं लागत नाहीं.

आतां यंत्र आलें, विद्या आली, पण पैसा नाहीं. येथें फाळक्यांनीं जें केलें तें माझ्या भाच्यानें वहींत पहिल्या पानावर लिहावें असें आहे. त्यांनीं पौराणिक कथेचा एखादा भपकेदार प्रवेश चित्रित केला नाहीं. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर रोंवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीचीं चित्रें घेत राहिले. त्यांतून मिनिटाभराहून थोडी मोठी अशी एक फीत तयार झाली. 'अंकुराची वाढ' ह्या नांवानें ती ओळखली जाते. पडद्यावर दाणा फुटतो, कोंब मान वर काढतो, पानें उलगडतात, वेल आधार शोधूं लागतो. निवडक मंडळींना बोलावून ती त्यांनीं दाखविली, आणि यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे ह्यांच्यासारखे स्नेही कर्ज देण्यास पुढें आले.

ह्या फितीविषयीं 'रोज एक चित्र' घेतलें अशी गोष्ट रूढ आहे. ती गोड आहे, पण हिशेबाला टिकत नाहीं. मूकपटांत सेकंदाला साधारण सोळा चित्रें पुढें सरकत. रोज एकच चित्र घेतलें तर महिन्याचीं तीस चित्रें दोन सेकंदांत उडून जातील; कोणाला धड दिसणारही नाहीं. मिनिटाभराला साडेनऊशेंहून अधिक चित्रें लागतात, म्हणजे महिन्याच्या हिशेबानें दिवसाकांठीं तीसेक. तेव्हां त्या कुंडीपाशीं माणूस रोज एकदां डोकावून जात नसला पाहिजे. तो ठरलेल्या अंतरानें पुन्हा पुन्हा येत असला पाहिजे. उजेड सारखा राखावयाचा, कुंडी तसूभर हलूं द्यावयाची नाहीं, मुलांना दूर ठेवावयाचें. एका मिनिटाच्या चित्रामागें किती पानांची वही होती, ती लिहिलेली असो वा नसो, हें ह्या साध्या गुणाकारावरून उघड होतें.

ह्या फितीला मी आपल्याकडील पहिला ट्रेलर म्हणतों. शास्त्रार्थ करणारे म्हणतील कीं, ट्रेलर हा अमुक एका चित्रपटाचा असतो. वाटाण्याचा चित्रपट कोठें होता? खरें आहे. ट्रेलर ह्या शब्दाचा अर्थच मुळीं शेपटासारखें मागून येणारें, असा आहे, कारण आरंभीं तो खेळ संपल्यावर दाखवीत. १९१३ सालीं न्यू यॉर्कमधील लो ह्यांच्या चित्रगृहांसाठीं नील्स ग्रॅन्लुंड ह्या प्रसिद्धि-अधिकाऱ्यानें एका संगीत नाटकाच्या तालमींची फीत जोडली, तेथून ह्या प्रकाराचा आरंभ सांगतात. म्हणजे तोही पहिल्यानें नाटकाचाच होता, चित्रपटाचा नव्हे. थोडें दाखवून पुष्कळाविषयीं विश्वास आणि उत्कंठा उत्पन्न करणें हें त्याचें कार्य. तें वाटाण्यानें चोख बजाविलें. शिवाय 'आतां पुढें काय होणार ?' ह्या एकाच ओढीनें पाहणाऱ्याला खिळवून ठेवणें हा रहस्यपटाचा प्राण म्हटला, तर त्या कोंबांत तोही होताच.

दवंडी पिटणाऱ्याला मात्र एक मोह होतो, आणि तो फाळक्यांनाही झाला. 'राजा हरिश्चंद्र' २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया चित्रगृहांत निमंत्रितांना दाखविला गेला आणि ३ मे पासून कॉरोनेशनमध्यें सर्वांसाठीं खुला झाला. पुढें सुरतेस प्रेक्षक येईनात, तेव्हां सत्तावन हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात करण्यांत आली. चित्रपट सुमारें ३,७०० फुटांचा. फुटाला सोळा चित्रें धरलीं तर छायाचित्रांचा आंकडा जवळजवळ बरोबर येतो, किंबहुना विनयानें कमीच सांगितलेला आहे. पण लांबी ? पाऊण मैलही भरत नाहीं. लोक आले, पैसे देऊन गेले आणि तृप्त होऊन गेले, म्हणून हें पाप पचलें. चित्र निकृष्ट असतें तर त्याच दोन मैलांनीं फाळक्यांचें नांव बुडविलें असतें. मला ही जाहिरात आवडत नाहीं. ज्या हातांनीं वाटाणा इतक्या सचोटीनें चित्रित केला त्या हातांना ती शोभत नाहीं, एवढें म्हणून मी पुढें जातों.

रहस्यपटाच्या बाबतींत हा सचोटीचा प्रश्न फार नाजूक होतो. तेथें खोटें बोलावयाचें नाहीं आणि खरें सांगावयाचेंही नाहीं. १९६० सालीं आल्फ्रेड हिचकॉक ह्यानें 'सायको' चित्रपटाचा सहा मिनिटांहून मोठा ट्रेलर केला. त्यांत कथेंतला प्रवेश जवळजवळ नाहींच. दिग्दर्शक स्वतः एखाद्या वाटाड्याप्रमाणें त्या ओसाड घरांत आपल्याला हिंडवितो, जिन्यापाशीं थबकतो, वाक्य अर्धवट सोडतो, आणि शेवटीं स्नानगृहाचा पडदा ओढतो. पडद्यामागें किंकाळी फोडणारी स्त्री दिसते ती चित्रपटांत तेथें मरणारी नटी नव्हेच, दुसरीच आहे ! हा खोडसाळपणा साधण्यास कथेचा सांधा न् सांधा पाठ असावा लागतो. काय लपवावयाचें हें ठरल्यावांचून काय दाखवावयाचें हें ठरत नाहीं. म्हणून दोन मिनिटांच्या ट्रेलरसाठींही आधीं सबंध कथा रचावी लागते, भले ती कधींच चित्रित होणार नसो.

त्याच १९६० सालीं, ज्या पुण्यांतील आवारांत प्रभातचे बोलपट तयार झाले तेथेंच, सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. फाळक्यांना जें ज्ञान विमापत्रें गहाण टाकून मिळवावें लागलें तें आतां शाळेंत मिळूं लागलें. तेथें विधु विनोद चोप्रा ह्या विद्यार्थ्यानें पदविकेसाठीं 'मर्डर ॲट मंकी हिल' नांवाचा खुनाचा लघुपट केला, आणि त्याला १९७६ सालचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. विद्यार्थ्याचा रहस्यपट म्हणजे पोरखेळ, असें म्हणण्याची सोय तेव्हांपासून राहिलेली नाहीं.

हें सारें मीं भाच्याला पुढच्या भेटींत सांगितलें. मग त्याची योजना ऐकली. तिन्हीसांजा, उंच उसाचें शेत, बांधावर एक सायकल पडलेली, आंत बॅटरीचा उजेड हलतो आणि विझतो. एवढेंच. मला ती कल्पना बरी वाटली. शहरांतल्या मुलानें जिना आणि बंद खोली निवडली असती. ह्यानें आपल्या शिवारांतलें भय निवडलें. पण वहींत त्याविषयीं 'ऊस' एवढाच शब्द होता. शेत कोणाचें ? बॅटरी पानांआड किती हातांवर दिसेनाशी होते ? वाऱ्यानें पानें सळसळतात तो आवाज मोबाइलमध्यें सळसळ म्हणून उमटतो कीं नुसता घोंगाट होतो ? पंपाची वीज रात्रीं येते तेव्हां पाणी द्यावयास जे लोक उसांत शिरतात, त्यांना खरोखर भय कशाचें वाटतें ?

शेवटचा प्रश्न त्यानें दोघां-तिघांना विचारला. भुताचें नांव कोणी घेतलें नाहीं. सापाचें घेतलें. आणि एकानें सांगितलें कीं, पाण्याचा आवाज चालू असतो तोंवर कांहीं वाटत नाहीं. वीज गेली आणि पाणी एकदम थांबलें म्हणजे अंगावर कांटा येतो. भाच्यानें सायकल काढून टाकली. त्याचा ट्रेलर आतां पाटांतल्या पाण्याच्या आवाजानें सुरू होतो.

शेताच्या मालकाकडेही तो जाऊन आला. ऊसतोडीची टोळी कधीं येईल हें त्या गृहस्थालाच नक्की ठाऊक नव्हतें. कारखान्याकडून पाळी लागली कीं दोन दिवसांत रान मोकळें, एवढें त्यानें सांगितलें. भाच्यानें चित्रणाची तारीख आठ दिवस अलीकडे घेतली आहे.