पैनगंगेच्या दोन तीरांवरचा विक्रीकर : मोटारीच्या किमतीत दडलेला इतिहास

१/ माहूरच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. आज तिच्या अलीकडे नांदेड आणि पलीकडे यवतमाळ, दोन्ही जिल्हे महाराष्ट्रातच आहेत. १९३८ साली मात्र अलीकडे निजामाचे राज्य होते, तर पलीकडे ब्रिटिशांच्या कारभारातील मध्य प्रांत व वऱ्हाड. मोटार घेताना आपण भरतो त्या विक्रीकराचा पाया या पलीकडच्या प्रांतातील एका वादाने पक्का केला.

२/ त्या वर्षी प्रांतिक सरकारने पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर ५ टक्के कर बसवला. पेट्रोलवर अबकारी घेण्याचा अधिकार आपलाच, असा केंद्राचा दावा होता. प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाकडे गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने प्रांताच्या बाजूने कौल दिला : उत्पादनावरील कर वेगळा, विक्रीवरील वेगळा.

३/ मग हा कर देशभर पसरला. मद्रासने १९३९ साली, मुंबईने १९४६ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला. हैदराबादचा कायदा १९५० चा. माहूर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो तालुका मुंबई राज्यात, नांदेडकडे आला.

४/ आता पुढचा प्रश्न : माल एका राज्यात विकला आणि दुसऱ्यात वापरला, तर कर कोणाचा? १९५२ च्या मुंबई विक्रीकर कायद्याला मुंबईच्या मोटार-विक्रेत्यांनीच आव्हान दिले. ‘युनायटेड मोटर्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली म्हटले, माल जेथे वापरासाठी पोहोचतो, त्या राज्याला कराचा अधिकार आहे.

५/ १९५५ साली न्यायालयाने हे मत बदलले. १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीनंतर केंद्रीय विक्रीकर कायदा आला आणि आंतरराज्य विक्रीचा कर माल जेथून निघतो त्या राज्याकडे गेला.

६/ दरांत तफावत असली की गिऱ्हाईक सीमा ओलांडते. म्हणून महाराष्ट्राने १९८७ साली बाहेरून आणलेल्या मोटारींवर प्रवेशकराचा कायदा केला. परराज्यात भरलेला विक्रीकर वजा करून उरलेली रक्कम येथे भरावी लागे.

७/ १ एप्रिल २००५ रोजी व्हॅट आला, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी. प्रवेशकर संपला. जीएसटीचा दर देशभर एकच असल्याने आदिलाबादला जाऊन गाडी घेतली, तरी या करात बचत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो १८ टक्के आहे, मोठ्यांवर ४० टक्के.

८/ आता हिशेब. करापूर्वीची किंमत ६,००,००० रुपये धरू. १८ टक्के जीएसटी १,०८,०००. म्हणजे शोरूमची किंमत ७,०८,०००. तीवर, महाराष्ट्रात वैयक्तिक नावाच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीचा ११ टक्के एकरकमी रस्ताकर : ७७,८८०. एकूण ७,८५,८८०. विमा आणि नोंदणी शुल्क याहून निराळे.

९/ करावर कर, असे वाटते ना? पण हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला कर विक्रीचा. दुसरा गाडी रस्त्यावर आणण्याचा, आणि तो नोंदणी जेथे होते त्या राज्याचा. म्हणून शोरूमच्या फलकावरील आकड्यावर अंदाजपत्रक कधीच बेतू नये. विक्रेत्याकडून ‘ऑन-रोड’ किंमत बाबनिहाय लिहून घ्यावी आणि कर्जाचा हप्ता त्या आकड्यावरून ठरवावा. त्या कागदातील प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी जिंकलेला वा हरलेला खटला आहे.