न लढलेलें विमान

इंग्लंडच्या पूर्वेस लिंकनशायर नांवाचा सपाट, शेतीचा परगणा आहे. तेथील ईस्ट कर्कबी या खेड्यालगत दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी विमानांचा तळ होता. आज तेथें संग्रहालय आहे. अधूनमधून एखाद्या सुटीच्या दिवशीं त्या आवारांत १९४० चें दशक पुन्हां अवतरतें.

अशा दिवसाला जत्रेची कळा असते. पुरुष हवाई दलाचे निळे गणवेष चढवितात, बायका केसांच्या वळ्या कपाळावर बसवून त्या वेळच्या झग्यांत मिरवतात, आणि ग्लेन मिलरच्या चालींवर नाच रंगतो. युद्धांत पायमोजे दुर्मिळ झाले तेव्हां तरुण मुली पोटरीवर पेन्सिलीनें शिवणीची रेघ ओढून वेळ निभावीत. ती रेघहि आतां हौसेनें ओढली जाते. चहा हवा तितका मिळतो. १९४० च्या जुलैपासून माणशीं आठवड्याला दोन औंस, म्हणजे पुरते पांच तोळेहि नव्हे, एवढाच चहा मिळे, आणि रेशनिंग साफ उठण्यास १९५४ चा जुलै उजाडला. ज्यांनीं ही टंचाई भोगली ते आतां थोडेच उरले. ती आठवून रमणारे बहुतेक मागाहून जन्मलेले. यावर हंसणें सोपें आहे.

पण दुपारीं लँकेस्टर विमानाचीं चार मर्लिन इंजिनें एकामागून एक सुरू होतात, जमिनीला कंप सुटतो आणि वाद्यांचा आवाज त्यांत बुडून जातो.

या विमानाचें नांव ‘जस्ट जेन’. एका वृत्तपत्रांतील चित्रमालिकेच्या नायिकेवरून तें ठेवलेलें. तें १९४५ सालीं तयार झालें. जपानवरील मोहिमेसाठीं तें राखलें होतें, परंतु तें निघण्यापूर्वींच युद्ध संपलें. पुढें फ्रेंच आरमारानें तें घेतलें व पॅसिफिक महासागरावर टेहळणीस लावलें. महायुद्धांत शत्रूवर एकहि बाँब या विमानानें टाकलेला नाहीं.

मग तें येथें कसें आलें? पँटन नांवाच्या शेतकरी बंधूंमुळें. फ्रेड आणि हॅरोल्ड यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर हा अवघ्या १९ व्या वर्षीं, ३० मार्च १९४४ च्या रात्रीं निघालेल्या न्युरेंबर्गवरील हल्ल्यांत मारला गेला. त्या रात्रीं ७९५ विमानें गेलीं, त्यांतलीं ९५ नष्ट झालीं. एका रात्रींत इतकी हानि बाँबर दलाला दुसऱ्या कधींहि सोसावी लागली नाहीं. ख्रिस्तोफर या तळावरचा नव्हता. त्याचें विमानहि लँकेस्टर नव्हे, हॅलिफॅक्स. त्याची कबर जर्मनींत. तरी १९८३ सालीं कुक्कुटपालन करणाऱ्या या भावांनीं हें लँकेस्टर विकत घेतलें आणि ओसाड पडलेल्या तळाचा एक भाग त्याच्याभोंवतीं पुन्हां उभा केला. शोकाला हात लावण्याजोगें कांहीं तरी हवें असतें. त्यांना हें मिळालें.

बाँबर दलाच्या विमानांतून जाणाऱ्या सुमारें १,२५,००० जवानांपैकीं ५५,५७३ मेले. शेपटाकडच्या घुमटींतला गोलंदाज तर तासन् तास कडाक्याच्या थंडींत एकटाच बसलेला असे.

अशा दिवसाच्या नाचगाण्यांत आणखी कांहीं माणसांना जागा नसते. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं ड्रेस्डेनवर पहिली लाट गेली ती पांचव्या गटाची. ईस्ट कर्कबीच्या ५७ व ६३० या दोन्ही तुकड्या त्याच गटांतल्या. त्या हल्ल्यांत शहरांतलीं सुमारें २५,००० माणसें मेलीं. कापडचोपड तेथेंहि रेशनवरच होतें.

‘जस्ट जेन’ अद्याप उडत नाहीं. तें उडावें म्हणून दर हिंवाळ्यांत एकेक भाग उतरवून दुरुस्ती चालते. तोंवर पैसे भरलेल्या कांहीं पाहुण्यांना पोटांत घेऊन तें आवारांतच सावकाश फेरी घालतें व जागेवर परत येतें. इंजिनें बंद पडतात, आणि थोड्या वेळानें वाद्यें पुन्हां ऐकूं येऊं लागतात.